ऊदाच्या पाकिटाची तीच तीच तक्रार: वजन घटतं, लेबल पुसतं, लॉट सापडत नाही

इंदूरच्या सियागंजातल्या दुकानातून किंवा सांवेर रोडच्या शेडमधून ऊदाच्या, म्हणजे राळ भरलेल्या सुगंधी अगरू लाकडाच्या, चिपा, भुकटी नाहीतर त्याच लाकडाचं ‘अगर तेल’ पॅक करून पाठवणाऱ्यांच्या तक्रारी ऋतूप्रमाणे येतात. एप्रिल-मेमध्ये ‘पाकीट शंभर ग्रॅमचं, काट्यावर त्र्याण्णव.’ पावसाळ्यात ‘चिपा दमट आहेत, कुबट वास येतो.’ बाकी वर्षभर ‘लेबलवरचा नंबर वाचता येत नाही’ आणि ‘मागच्या वेळचा माल असा नव्हता.’ दरवेळी जाड पाऊच आणला जातो, प्रिंटर दुरुस्तीला जातो, ग्राहकाला बदली पाकीट जातं. पुढच्या हंगामात तक्रार पुन्हा दारात.

याचं कारण, पाकीट बहुतेक वेळा निर्दोष असतं. मोठा डबा उघडून माल लहान पाकिटांत भरतात, म्हणजे लॉट फोडतात, त्या तास-दोन तासांत गडबड होते. त्या वेळी हवा किती दमट होती, टेबलावर आधीच्या मालाचा चुरा होता का, लेबल कधी छापलं आणि उरलेली लेबलं कुठे गेली, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून दुरुस्तीची सुरुवात टेबलापासून करायची. पण तक्रार हातात पाकीट होऊन येते, तर निदान पाकिटापासूनच करू.

परत आलेलं पाकीट उघडू नका

आधी बंद पाकीट तोला. हा आकडा ज्याच्याशी ताडायचा, ते भरतेवेळचं बंद पाकिटाचं वजन वहीत असेल तरच पुढचं निदान होतं, आणि तेच बहुतेकांकडे नसतं. म्हणून आजपासून दर वीस पाकिटांमागे एकाचं वजन सील मारल्यावर, लेबलसकट, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर घ्या आणि पाकिटाच्या नंबरासमोर लिहा. त्याच मापाचे दहा रिकामे पाऊच एकदम तोलून एका पाऊचचं सरासरी वजनही काढून ठेवा.

नेमकं तेच पाकीट परत आलं तर उत्तम. दुसरं आलं, तर त्याच्या आगेमागे तोललेली दोन पाकिटं दुकानात किंवा राखून ठेवलेल्या नमुन्यात आहेत का पाहा. वजन भरतेवेळेइतकंच असेल तर पाऊच शाबूत आहे. मग एकतर माल कमी भरला गेला, नाहीतर ग्राहकाचा काटा चुकतोय. घरातला स्वयंपाकाचा काटा एकेका ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवतो, त्यामुळे १० ग्रॅमच्या पाकिटावर त्याचं मत फारसं मनावर घेऊ नका. वजन घटलं असेल तर सील किंवा पाऊच गळतोय आणि बाहेरची हवा कोरडी होती. वाढलं असेल तर गळती तीच, हवा दमट होती. एवढं समजल्यावर पाकीट पाण्यात बुडवून हलकेच दाबा. बुडबुडे सीलच्या रेषेतून येतात की पाऊचच्या पोटातून, ते बघा आणि मगच कात्री लावा.

वजन: लाकूड पाणी पितं आणि सोडतं

तक्रारींतला सर्वांत मोठा वाटा इथला. लाकूड आसपासच्या हवेशी ओलाव्याचा हिशेब सतत जुळवत असतं. साधारण लाकूड ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत सुमारे ९ टक्के ओलावा धरतं, ८० टक्क्यांत सुमारे १६, आणि ३० टक्क्यांच्या आसपास जेमतेम ६. माळव्याच्या पठारावर हे दोन्ही टोक बघायला मिळतात. श्रावणात हवेतली आर्द्रता ८० च्या वर बसून असते, तर वैशाखातल्या दुपारी ती २०-२५ वर येते.

हिशेब मांडून पाहा. पावसाळ्यात १५ टक्के ओलावा असलेल्या चिपा १०० ग्रॅम भरल्या. ओलाव्याची टक्केवारी कोरड्या लाकडाच्या वजनावर धरतात, म्हणून त्यात कोरडं लाकूड ८६.९६ ग्रॅम. उन्हाळ्यात ओलावा ७ टक्क्यांवर आला की तेच पाकीट ९३ ग्रॅम भरतं. सात ग्रॅम गेले, पण एक चीपही कमी झालेली नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत १०० ग्रॅमच्या पाकिटाला कमी भरण्याची कमाल सूट साडेचार ग्रॅमची आहे, म्हणजे हे पाकीट तपासणीत सापडलं तर दोषी. २५ ग्रॅमच्या पाकिटाला सूट ९ टक्के असल्यामुळे तेवढीच टक्केवारी घटूनही ते कायद्यात बसतं. ग्राहकाच्या मनात मात्र बसत नाही.

राळ भरलेली, काळसर चीप पाणी कमी पिते. पांढऱ्या लाकडाचा भाग जास्त असलेली हलकी चीप मनसोक्त पिते. म्हणून वजनाची तक्रार स्वस्त ग्रेडवर जास्त येते, आणि त्यावरून ‘स्वस्तात काटा मारतात’ असा समज होतो.

उपाय म्हणून काही जण ओव्हनमध्ये १०३ अंशांवर सुकवून ओलावा काढतात. साध्या लाकडाला ती पद्धत ठीक आहे. इथे राळेतला उडणारा सुवासही पाण्याबरोबर निघून जातो, त्यामुळे आकडा फुगतो आणि नमुना वाया जातो. दोन सुया टोचायचं ओलावामापक यंत्र इमारती लाकडासाठी बनलेलं असतं. राळेमुळे त्याची वीज-रोधाची मोजणी बिघडते, तेव्हा त्याचा आकडा एकाच ग्रेडच्या दोन लॉटची तुलना करण्यापुरता घ्यावा.

त्यापेक्षा बरणीची चाचणी करा. घट्ट झाकणाची अर्ध्या लिटरची काचेची बरणी दोन-तृतीयांश चिपांनी भरा, आत लहान डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, झाकण लावा आणि खोलीच्या तापमानाला २४ तास राहू द्या. बरणीत ५० ते ५५ टक्के दिसले की माल भरायला तयार. ६५ च्या वर असेल तर थांबा, ७० च्या वर बुरशीचं भय खरंच आहे. मापक खरं बोलतंय का हे आधी मिठानं तपासा. झाकणभर मिठात पाण्याचे थेंब टाकून ओलसर चिखल करा, पाणी वर तरंगू देऊ नका. ते मापकासोबत बंद डब्यात आठ-दहा तास ठेवलं की ७५ दिसायला हवं. ७१ दिसले तर त्या मापकाच्या प्रत्येक आकड्यात ४ मिळवा आणि त्याच्या पाठीवर तसं लिहूनच टाका, नाहीतर महिन्याभरात विसरतं.

माल दमट निघाला तर ऊन नको, हीटर नको. एसी किंवा आर्द्रताशोषक यंत्र लावलेल्या बंद खोलीत ट्रेमध्ये एका थरात पसरा, दोन दिवसांनी पुन्हा बरणी. भरायची खोलीही तीच असावी. कोरडा केलेला माल जुलैत उघड्या ओट्यावर चार तास पडला तर सगळी मेहनत पाण्यात.

पाऊच

साधी पॉलिथीनची पिशवी पाण्याची वाफ बऱ्यापैकी अडवते, वास मात्र अडवत नाही. सुवासाचे रेणू प्लॅस्टिकमध्ये शिरतात आणि पलीकडे जातात. अशा पिशव्यांतला माल एका खोक्यात ठेवला की शेजारच्या चंदनाला ऊदाचा वास लागतो आणि ऊद फिका पडतो. चांदीसारखी चकाकी असलेला मेटलाइज्ड पाऊच आणि खऱ्या ॲल्युमिनियम फॉइलचा पाऊच दिसायला सारखे असतात. उजेडासमोर धरा. मेटलाइज्डमधून दिवा अंधुक दिसतो, फॉइलमधून नाही. चिपांना फॉइलच घ्या, आतला सीलचा थर ५० ते ७५ मायक्रॉनचा.

झिप म्हणजे सील नव्हे. झिपच्या वर हीट सील हवंच. भुकटीच्या पाकिटांत सील सुटण्याचं मुख्य कारण म्हणजे सीलच्या पट्टीवर बसलेली धूळ. फनेलची नळी झिपच्या खालपर्यंत जाईल इतकी लांब घ्या, भरल्यावर पट्टी कोरड्या ब्रशनं झाडा आणि मग सील मारा. टोकदार चिपा फॉइलला आतून टोचतात, व्हॅक्यूम केला तर हमखास. आधी बटर पेपरची पुडी करून मग पाऊचमध्ये टाका. सिलिका जेल १०० ग्रॅमला २ ग्रॅमची एक पुडी पुरे, तीही नारिंगी दाण्यांची. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. कोरडा न केलेला माल जेलच्या भरवशावर भरणं म्हणजे गळक्या छपराखाली पातेलं ठेवणं.

लेबल का पुसतं

कुरियरच्या पार्सलवर असतो तो थर्मल कागद उष्णतेनं काळा होतो आणि तेल किंवा स्पिरिट लागलं की छपाई उडते. ऊदाच्या मालावर तो वापरूच नये. तेलाच्या बाटलीवर क्रोमो, म्हणजे गुळगुळीत कागदाचं लेबल आणि वॅक्स रिबन (प्रिंटरमधली मेणाच्या शाईची पट्टी) हेही टिकत नाही, बोट फिरवलं की अक्षरं फरपटतात. तिथे पीपी (पॉलिप्रोपिलीन) प्लॅस्टिकचं फिल्म लेबल आणि पूर्ण रेझिन रिबन ही जोडी लागते. चिपांच्या पाऊचवर वॅक्स-रेझिन चालतं. तपासायला छापलेल्या लेबलवर त्याच तेलाचा एक थेंब टाका, दहा मिनिटांनी कापडानं दहा वेळा पुसा. अक्षर शाबूत राहिलं तर पुढे जा. रेझिनला प्रिंटरची उष्णता जास्त आणि वेग कमी लागतो. जुन्याच सेटिंगवर छापून ‘रेझिन खराब निघालं’ म्हणणारे बरेच असतात.

लेबल सुटून एका टोकाला पताकेसारखं उभं राहतं त्याला दोन कारणं. एक, काचेवर तेलाचा हात लागलेला. भरल्यावर बाटली, विशेषतः मान, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दोन मिनिटं सुकू द्या, मग चिकटवा. दुसरं, बारीक बाटलीवर जाड लेबल. ३ आणि ६ मिलीच्या बाटल्यांचा गोलवा इतका तीव्र असतो की ताठ कागद सरळ व्हायची संधीच शोधत असतो. ५०-६० मायक्रॉनचं मऊ फिल्म घ्या आणि शेवटचे २-३ मिलिमीटर लेबलवरच चढू द्या.

क्यूआर कोड न वाचला जाण्यामागे साधं अंकगणित असतं. २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. कोडचा एक चौकोन तीन ठिपक्यांचा धरला तर ०.३७५ मिलिमीटर. सर्वांत लहान क्यूआर २१ चौकोनांचा, दोन्ही बाजूंना चार-चार चौकोन कोरी जागा, म्हणजे २९ चौकोन, जवळपास ११ मिलिमीटर. १४ मिलिमीटर व्यासाच्या बाटलीवर एवढा कोड घेराचा चौथा भाग व्यापतो आणि फोनला त्याच्या कडा दिसत नाहीत. अशा बाटलीचा कोड टोपीवर किंवा खोक्यावर द्या. कोडात वेबसाइटचा लांब पत्ता घातला की चौकोन वाढतात. देवनागरी अक्षरं घातली तर आणखी वाढतात, कारण एकेक अक्षर तीन-तीन बाइट खातं. नुसते अंक असतील तर सर्वांत लहान कोडात, मध्यम दुरुस्तीक्षमता (कोड थोडा पुसला तरी वाचता येण्याची सोय) ठेवूनही, ३४ अंक बसतात. म्हणून लॉट नंबर फक्त अंकांचा ठेवावा. हाताने लिहिताना शून्य की ओ, एक की आय हा घोळही मिटतो.

तेलाची बाटली

थंडीत अगर तेल घट्ट होतं, काही तेलं थिजतात. डबा तसाच उघडून वरचं तेल भरलं तर पहिल्या बाटल्या आणि शेवटच्या बाटल्या वेगळ्या निघतात, मग एकाच लॉटबद्दल दोन परस्परविरोधी तक्रारी येतात. भरण्याआधी बंद डबा ४० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा आणि हळूहळू उलटसुलट करा. बाटली काठोकाठ भरू नका. मेच्या उन्हात पार्सलची गाडी तापते, तेल फुगतं आणि टोपीतून झिरपतं. रबरी फुगा असलेला ड्रॉपर नको, तेलानं रबर फुगतं आणि चिकट होतं. टोपीच्या आत टेफ्लॉनचा पापुद्रा हवा. चाचणीला पाच बाटल्या टोपी खाली करून टिपकागदावर, ४०-४५ अंशांत, २४ तास ठेवा. कागदावर तेलाचं वर्तुळ उमटलं तर टोप्यांची ती खेप परत करा.

‘एक तोळा’ हा शब्द लेबलवर नको, वजनमापात मेट्रिकच चालतं. एक तोळा ११.६६ ग्रॅम, पण बाजारातली ‘तोळ्याची’ बाटली १२ मिलीची असते. ग्राहक ती सोनाराच्या काट्यावर तोलतो आणि १२ ग्रॅम भरले नाहीत म्हणून फोन करतो. मिली आणि ग्रॅम एक नव्हेत हे त्याला सांगायला प्रत्येक लॉटची घनता मोजून वहीत ठेवा.

लॉट फोडताना

नंबराची एक सोपी रचना: वर्ष दोन अंक, महिना दोन, लॉट तीन, कितवी फोड ते दोन, पाकीट तीन. २५०७ ०१३ ०२ ०४१ म्हणजे जुलै २०२५ मध्ये आलेला तेरावा लॉट, दुसऱ्यांदा फोडला तेव्हाचं एक्केचाळिसावं पाकीट. शेवटी एक पडताळणी अंक जोडा. अंकांना डावीकडून आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणून बेरीज करा, इथे ती ५३ येते. पुढच्या दशकापर्यंत जायला ७ लागतात, तर पडताळणी अंक ७. फोनवरून नंबर सांगताना एखादा आकडा चुकला की तिथल्या तिथे कळतं.

टेबलावर एका वेळी एकच लॉट. आधीच्या मालाचा चुरा झाडून, ट्रे पुसून, मगच पुढचा डबा. लेबलं मोजून छापा आणि मोजूनच द्या. १८० पाकिटांसाठी १८४ दिली तर शेवटी वापरलेली, बिघडलेली आणि उरलेली मिळून १८४ झालीच पाहिजेत. बिघडलेलं लेबल वहीत चिकटवायचं, उरलेलं फाडायचं. ‘चार लेबलं उरलीत, पुढच्या लॉटला लावू’ या एका काटकसरीनं सगळा माग तुटतो.

मग वजनाचा ताळेबंद. समजा डब्यात ५,००० ग्रॅम होते. २५ ग्रॅमची १८० पाकिटं झाली, राखीव नमुना ३० ग्रॅम, चुरा ३६२. वहीत पाकिटांचे ४,५०० लिहिले तर तूट १०८ ग्रॅम दिसते. प्रत्यक्षात पाकिटं सरासरी २५.३ ग्रॅम भरली होती, म्हणजे ४,५५४, आणि खरी तूट ५४ ग्रॅम, एक टक्क्याच्या जरा वर. म्हणून छापील वजन न लिहिता तोललेली सरासरी लिहायची. एक टक्क्याच्या आसपासची तूट टेबलावर सुकण्यात आणि धुळीत जाते. दोन टक्क्यांच्या वर गेली तर त्या फोडीची पाकिटं बाजूला ठेवा आणि शोधा. बेरीज उलट ५,००० च्या वर गेली तर जास्त काळजी करा. एकतर माल ओलावा पितोय, नाहीतर दुसऱ्या लॉटची चीप आत आली आहे.

दोन लॉटची शिल्लक एकत्र केली की तो नवा लॉट, नवा नंबर, वहीत दोन्ही मूळ नंबर. चुऱ्यालाही स्वतःचा नंबर. कुठलंही पाकीट उचलून दहा मिनिटांत मूळ खरेदीच्या बिलापर्यंत पोचता येतं का, आणि त्या बिलावरून त्या लॉटची सगळी पाकिटं कुणाकडे गेली ते निघतं का, हे महिन्यातून एकदा करून बघा. पहिली दिशा बहुतेकांना जमते. दुसरी अडते, कारण विक्रीच्या बिलावर लॉट नंबर टाकलेला नसतो.

लेबलवर काय हवं

१० ग्रॅम किंवा १० मिली आणि त्याखालच्या पाकिटांना पॅकबंद वस्तूंचे नियम लागू नाहीत, म्हणून ३ आणि ६ मिलीच्या बाटल्या सुटतात, पण १२ मिलीची नाही. तिथे पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ माप, महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, दर ग्रॅम किंवा दर मिली किंमत, आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळं हवं. माल परदेशातून आला असेल तर मूळ देशही. छापलेली माहिती स्टिकर लावून बदलायची नाही. फक्त किंमत कमी करताना स्टिकर चालतो, तोही जुनी किंमत न झाकता. तेल अंगाला लावायचं अत्तर म्हणून विकलं तर सौंदर्यप्रसाधनांचे २०२० चे नियम वेगळे लागतात.

कायद्यानं न मागितलेलं, पण ग्राहकाला हवं असलेलं: झाडाची जात (ईशान्य भारतातला माल बहुधा अक्विलारिया मलाक्केन्सिस), लागवडीचा की जंगलातला, राळ आपोआप धरलेली की झाडाला इजा किंवा संसर्ग करून धरवलेली, आणि ग्रेडचा निकष. ‘सुपर’, ‘डबल सुपर’ यांचा अर्थ दर दुकानाला बदलतो. त्याऐवजी ‘पाण्यात बुडणारी’ किंवा ‘तरंगणारी, काळ्या रेषा असलेली’ असं लिहा. सुगंधी तेलात भिजवलेल्या पांढऱ्या चिपांना लेबलवर तसंच म्हणा.

नातेवाइकांना दुबईला किंवा अमेरिकेला पाकीट पाठवणारे ग्राहक इंदुरात बरेच आहेत. अक्विलारिया मलाक्केन्सिस ही जात साइटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये १९९५ पासून आहे, आणि अक्विलारियाच्या बाकी जाती २००५ पासून. किरकोळ विक्रीसाठी पॅक केलेल्या तयार मालाला सूट आहे, पण चिपा, मणी, जपमाळा आणि कोरीव वस्तू त्या सुटीत येत नाहीत. सामानातून स्वतः नेताना माणशी १ किलो चिपा, २४ मिली तेल आणि मण्यांचे दोन संच एवढी मोकळीक साइटीसच्या ठरावात आहे. कुरियरला ती लागू नाही, आणि काही देशांचे नियम याहून कडक आहेत. परवाना मागायची वेळ आली की खरेदीची कागदपत्रं त्याच लॉट नंबरवर सापडली पाहिजेत.

परत आलेल्या पाकिटातला माल कितीही चांगला दिसला तरी मूळ डब्यात ओतू नका. तो कुठल्या हवेत, कुणाच्या कपाटात होता ते माहीत नसतं. त्याला वेगळा नंबर द्या, बरणीची चाचणी करा, राखीव नमुन्याशेजारी ठेवून वास घ्या आणि मगच ठरवा. त्यासाठी नमुना जागेवर हवा. त्या फोडीचं शेवटचं पाकीट विकल्यावर आणखी वर्षभर तो काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवा.